हँडलावरचा लाल दोरा

दुपारचे तीन. "पाच मिनिटं पाठ टेकते गं," असं लेकीला सांगून हेमा शिंगटे आडवी झाली, त्याला चांगला अर्धा तास झालाय. झोप लागली म्हणावं तर स्वयंपाकघरात केतकी दशम्या भाजतेय त्याचा वास नाकाला येतोय. जागी आहे म्हणावं तर हात उचलायला जावं आणि हात दुसऱ्याच कुणाचा असल्यागत जड. खिडकीतून पौषातलं ऊन पायावर पडलंय आणि पाय तेवढे गरम आहेत.

पलंगाभोवती हा पसारा पडलाय. बारा दिवसांचे कपडे, पंक्चर काढायचं सामान, गुडघ्याला लावायचं मलम, साखर-मिठाच्या पुड्या, आणि आपण काहीतरी विसरणार या भीतीनं तीनदा लिहिलेली यादी. उद्या सकाळी सहा वाजता सांगलीहून निघायचं, ते कन्याकुमारीलाच टेकायचं. पंचवीस जणांचा ग्रुप, रोज शंभरावर किलोमीटर, दुसऱ्याच दिवशी आंबोली घाटाचा उतार. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेला निधी मिळावा म्हणून हा खटाटोप, आणि हेमाचं वय छप्पन्न. नणंदेनं तर विचारलंच की गुडघे घरी ठेवून जाणार का बरोबर नेणार. हेमा सगळ्यांना एकच सांगते, की यांचं राहून गेलंय ते पुरं करते. ऐकणाऱ्याचे डोळे भरतात आणि पुढचं कुणी विचारत नाही.

हे म्हणजे शिंगटे सर. त्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि सायकलपुढं बायकोसुद्धा दुसऱ्या नंबरावर. कन्याकुमारीचा बेत त्यांचाच. सव्वा वर्षापूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सरावाला म्हणून दंडोबाच्या डोंगरावर गेले आणि उतारावरच्या वळणात पडले ते गेलेच. वाळूवरून चाक घसरलं असणार, असं सगळे म्हणाले. हेमाही तेच म्हणते. खरं काय ते एकटी हेमा जाणते, आणि ते जाणणं घेऊनच ती सव्वा वर्ष जेवतेय, झोपतेय, चारचौघांत हसतेय.

आता ते सांगूनच टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं नीट कळेल. यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पॅसेज हा एवढासा. सायकल उभी केली की माणसाला जायला जागा उरत नाही. म्हणून सर घरी आले की पान्यानं हँडलचा बोल्ट सैल करायचे, हँडल फिरवून भिंतीला सपाट लावायचे, आणि हँडलला लाल दोरा बांधायचे. दोरा आहे म्हणजे बोल्ट सैल आहे. निघताना हँडल सरळ करायचं, बोल्ट आवळायचा, मग दोरा सोडायचा, त्याच्या आधी नाही. सरांची गाठही खास होती, दोन वेढे आणि एक दुमडलेला फास, टोक ओढलं की झरकन सुटायची. हेमाला ती कधी जमली नाही, तिची गाठ कात्रीनंच निघायची. हे सगळं सरांनी शंभरदा सांगितलेलं, आणि हेमानं कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ऐकलेलं.

त्या दसऱ्याला हेमानं सायकल धुतली. पूजेला वाहन चकचकीत हवं. हार नीट बसावा म्हणून हँडल हातानं सरळ केलं, आणि देवाच्या दिवशी हे कसलं मळकं चिंधूक म्हणून दोरा कापून केरात टाकला. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी सरांनी बघितलं, हँडल सरळ, दोरा नाही. म्हणजे आवळलेलं. सपाट रस्त्यावर सैल बोल्ट लगेच कळत नाही, वळणात ब्रेक दाबला की कळतो. तिसऱ्या दिवशी केर भरताना सुपलीत तो दोरा निघाला, तेव्हा हेमाला कळलं की बोल्ट सैलच राहिला होता. तिनं तो चुलीत जाळला असता, पण घरात चूल नव्हती, म्हणून संडासात सोडला.

तेव्हापासून तिला एकाच गोष्टीची धास्ती आहे. सर स्वप्नात येतील आणि विचारतील, दोरा कुणी काढला. सव्वा वर्षात ते एकदाही आले नाहीत. लोक म्हणतात, आत्मा शांत झाला. हेमाला वाटतं, ते बरोबर दिवस बघून येणार.

"हेमा."

हाक पॅसेजमधून येते. हाकेत घाई नाही, चहा झाला का विचारायला मारावी तशी. हेमाची आई सांगायची, गेलेल्या माणसानं हाक मारली तर ओ देऊ नये आणि मागनं तर मुळीच जाऊ नये. हे आठवेपर्यंत हेमाच्या तोंडून "ओ" गेलेली असते. तीस वर्षांची सवय, ती काय मरणाबिरणाला जुमानते. आणि पाय आपसूक पलंगाखाली उतरतात.

सर सायकलपाशी उकिडवे बसलेत, तिच्याकडे पाठ करून. अंगात तोच पिवळा टीशर्ट, जो दवाखान्यातून पिशवीत घालून परत मिळाला होता. आता तो कोरडा आहे, इस्त्रीचा आहे. सायकल तीच. हेमानं हट्टानं तीच दुरुस्त करून घेतलीय, सीट खाली करून घेतलीय, आणि वर्षभर तीच चालवतेय. हँडलवर नंबराची पाटी आहे, सतरा. काल हेमा ग्रुपच्या बैठकीला गेली होती तेव्हा पुण्याहून आलेल्या केतकीनं आईला चकित करायचं म्हणून ती बांधून ठेवली. पाटीचं कौतुक करताना हेमाचे डोळे भरून आले होते. सर त्या पाटीवर बोट फिरवतात.

"किती वाजता निघायचं?"

"सहाला."

"पाणी?"

"दोन बाटल्या. वाटेत टेम्पो आहे बरोबर."

"मोजे जास्तीचे घे," सर म्हणतात. "ओले मोजे वाईट."

आवाज अगदी त्यांचा, तंबाखू सोडल्यावर जरा खरखरीत झालेला. हेमाला रडू येत नाही, भीती वाटते. अपघातानंतर तिला सरांचा चेहरा बघू दिला नव्हता, बघू नका वहिनी म्हणाले होते सगळे. आता हा माणूस मान वळवील तर काय दिसेल, एवढंच तिच्या मनात आहे. मागं सरकावं तर पाठीला भिंत लागते, आणि भिंत घामेजलेली आहे.

"आणि दोरा?" सर विचारतात.

आला तो प्रश्न. सांगायचं म्हणून तिनं वर्षभर कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली आहेत, त्यातलं एक धड आठवत नाही. ती म्हणते की दशम्या करपतील, बघून येते. आणि स्वयंपाकघराकडं वळते तर स्वयंपाकघर जागेवर नाही. पॅसेज पुढं नुसता लांबत गेलाय. भिंतीवर चित्रं टाचलेली आहेत, एकाला लागून एक, खडूची. हा तर शाळेचा व्हरांडा.

सर पुढं चाललेत. मागनं जाऊ नये, जाऊ नये, असं हेमा घोकतेय, आणि चालतेय. तिच्या पायात चपला नाहीत, फरशी ओली आहे. चित्रकलेच्या वर्गाचं दार उघडं. आत मुलं ओळीनं बसलीत, सगळी पाठमोरी, आणि सगळी सायकल काढतायत. चाकं आहेत, सीट आहे, साखळीचा एकेक दाणा काढलाय. हँडल कुणीच काढलेलं नाही. जिथं हँडल हवं तिथं कागद कोरा, आणि मुलं त्या कोऱ्या जागेवर खडू टेकवून थांबलीत. तेवढ्यात हेमाच्या ध्यानात येतं की खडूचा आवाज नाही, तिच्या श्वासाचा नाही, कशाचाच नाही.

सर फळ्यापाशी उभे आहेत, तोंड फळ्याकडं. ते आता हातांनी बोलतायत. शाळेतली ही भाषा ते घरीही वापरायचे, तोंडात घास असला की हातानं पाणी मागायचे. हेमाला पाणी कळतं, आई कळतं, शाळा कळतं. हे नाही कळत. डाव्या हाताची मूठ, आणि तिच्यावर उजवा हात आवळून फिरवतायत, पुन्हा पुन्हा, जोर लावून. ओलं धुणं पिळावं तसं. नाहीतर कुणाचा गळा. मुलं एकेक करून हात वर करतात आणि तेच करायला लागतात, तिच्याकडं न बघता, तीस-चाळीस मुठी. हेमाला वाटतं, सगळ्यांना माहीत आहे. ह्या लेकरांना आधीपासून माहीत आहे, आणि मी त्यांच्याच नावानं टाळ्या घेत निघालेय.

ती दारातून पळते, आणि सायकलवर असते.

रस्ता उताराचा आहे. दंडोबा की आंबोली, कोण जाणे, एका बाजूला करवंदीच्या जाळ्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. पाय पेडलवर नाहीत तरी सायकल पळतेय. शेजारून सर धावतायत, सीटला हात लावून, लग्नानंतर कृष्णेकाठच्या मैदानावर तिला शिकवताना धावायचे तसे. तेव्हा ते ओरडायचे, "पुढं बघ, मी धरलंय." आणि धरलेलं नसायचं. आता ते काही म्हणत नाहीत. कडेनं पिवळं तेवढं दिसतं. थांबवा मला, असं हेमा जीव तोडून ओरडते आणि आवाज निघत नाही. तिला स्वच्छ कळतं की हे न्यायला आलेत. हिशोब बरोबरच आहे, ज्या वळणावर मी यांना घालवलं त्याच वळणावर हे मला नेणार. मग तिला केतकी आठवते, एकटी, दशम्यांचा डबा हातात घेऊन उभी, आणि हेमाला मरायची एवढी भीती वाटते जेवढी आजवर कधी वाटली नव्हती. सव्वा वर्ष ती मनातल्या मनात म्हणत आली होती की मीच जायला हवी होते. ते खोटं होतं. तिला जगायचं आहे.

वळण येतं. ती हँडल फिरवते. हँडल फिरतं, आणि चाक फिरत नाही.

वळणात मधोमध सर उभे आहेत, पाठमोरे. आता ते धावत नाहीत. ते मान वळवतात. हेमाला डोळे मिटायचे आहेत आणि पापण्या हलत नाहीत.

चेहरा धड आहे. ओरखडासुद्धा नाही, चष्मा नेहमीसारखा कपाळावर चढवलेला. पण तो चेहरा घाबरलेला आहे. गेलेलं माणूस जिवंत माणसाला घाबरवतं हे हेमानं लहानपणापासून ऐकलंय. गेलेलं माणूसच असं पांढरंफटक पडलेलं, ओठ थरथरणारं, हे तिनं कधी ऐकलं नाही. तीस वर्षांत केतकीच्या डेंग्यूच्या वेळी एकदा फक्त सर असे दिसले होते.

आणि हेमाचा आवाज सुटतो. "मी काढला," ती म्हणते. "दसऱ्याला. मळका दिसत होता म्हणून मी कापला. मला ध्यानात आलं नाही हो. तुम्हाला मी मारलं."

सर मान हलवतात. रागानं नाही, वैतागानं. गणित भलतंच सोडवून आणलेल्या पोराकडं बघून हलवावी तशी.

"ते नव्हे गं," ते म्हणतात. "आजचा दोरा कुठाय? हात लावून बघितलंस?"

ते तिचा हात ओढतात. त्यांची बोटं गार आहेत, लोखंडासारखी, आणि ते तिच्या बोटाभोवती काहीतरी गुंडाळतायत, एक वेढा, दुसरा वेढा, घाईघाईनं, बस सुटायची वेळ झाल्यासारखं. हेमाला बोट काढून घ्यायचं आहे. ती कचकन ओढते.

दशम्यांचा वास येतो. पायावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलंय. हेमा पलंगावर उठून बसलीय, अंग घामानं भिजलंय, आणि छातीत असं धडधडतंय की हात लावायची गरज नाही, कानात ऐकू येतं. स्वप्न होतं, ती स्वतःला सांगते. स्वप्न होतं बाई. मग तोंड पुसायला हात वर करते.

उजव्या हाताच्या तर्जनीला लाल दोरा बांधलेला आहे. दोन वेढे, आणि एक दुमडलेला फास.

ती किंचाळत नाही. किंचाळायला आवाज लागतो. दोऱ्याची गुंडी पलंगावरच्या सामानात पडलेली आहे, झोपेत माणूस काय काय करतं, आपणच बांधला असेल, असं ती मनाशी म्हणून बघते. पण एका हातानं, झोपेत, आणि ती गाठ? ती गाठीला हात लावत नाही. जीव मुठीत धरून ती पॅसेजमध्ये जाते. तिथं कुणी नाही, सायकल आहे. सकाळपासून येता-जाता हँडल तिच्या कमरेला लागतंय आणि आज असं का लागतंय हा विचार तिच्या मनात एकदाही आलेला नाही.

सायकल तिनं परवा आणून लावली होती. हँडल सपाट करून, आपल्या कात्रीनं निघणाऱ्या गाठीचा दोरा बांधून.

ती पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरते आणि हँडलला हात लावते. हँडल फिरतं. चाक गुडघ्यांत गपगार उभं.

"केतकी," ती हाक मारते. आवाज एवढा विचित्र येतो की पोरगी हातातलं उलथनं तसंच घेऊन धावत येते. हेमा विचारते, हे हँडल कुणी सरळ केलं. केतकी म्हणते, मीच की, काल पाटी बांधताना, वाकड्यावर नीट बसेना. फिरवलं तर फिरलं. दोऱ्याचं विचारल्यावर ती जरा गोंधळते.

"तो मळका दोरा? कापून टाकला. पाटीचा फोटो काढायचा होता ना. सकाळी घंटागाडीत गेला कचऱ्याबरोबर. का गं, तुझा नवसाबिवसाचा होता का?"

हेमा लेकीकडं बघते. गालाला पीठ लागलंय. आईचं कौतुक करायला सव्वादोनशे किलोमीटरवरून रजा काढून आलेली पोर, चांगलं दिसावं म्हणून एक मळका दोरा कापते. परवा आंबोलीच्या उतारावर आई गेली असती, आणि ही पोर जन्मभर म्हणत राहिली असती, वाळूवरून घसरली. हेमाच्या मनात रागाचा टिपूसही नाही. राग यायला ह्या पोरीनं केलंय काय? हा प्रश्न मनात येतो आणि हेमा मटकन खाली बसते, सायकलला टेकून, कारण सव्वा वर्षात हा प्रश्न तिनं स्वतःच्या बाबतीत एकदाही विचारलेला नाही.

"बस इथं," ती म्हणते.

"आई, गॅसवर—"

"गॅस बंद करून ये आणि बस. तुझ्या बाबांचं सांगायचंय. वाळू नव्हती तिथं."

ती सांगते. दसरा, हार, कात्री, सुपली, सगळं, काही गाळत नाही. आपण त्या डोंगराचं नाव निघालं की विषय का बदलतो तेही सांगते. सांगून झाल्यावर हेमाला परत तीच भीती वाटते, स्वप्नातल्यापेक्षा मोठी, की आता ही मान वळवील आणि हिच्या चेहऱ्यावर काय दिसेल. केतकी रडत असते. बराच वेळ रडते. मग नाक ओढून सायकलपाशी ठेवलेला पाना उचलते.

"कुठला बोल्ट?" ती विचारते. "मला दाखव."

हेमा दाखवते. पोरीची ताकद पुरत नाही, मग हेमा तिच्या मुठीवर आपला हात ठेवते आणि दोघी मिळून आवळतात, जोर लावून, पुन्हा पुन्हा. तेव्हा कुठं हेमाला वर्गातल्या त्या मुठी कळतात. ती दोनदा हँडल हलवून बघते, चाक गुडघ्यांत धरून. हँडलबरोबर चाक निमूट वळतं.

मग ती बोट पुढं करते. केतकी त्या गाठीकडं बघते, आईकडं बघते. ही गाठ तिनंही लहानपणापासून बघितलेली आहे. तिचा चेहरा उतरतो, पण कुणी बांधली असं ती विचारत नाही.

"टोक ओढ," हेमा म्हणते. "आता आवळलंय."

केतकी टोक ओढते, आणि गाठ झरकन सुटते.